कॅसेटीतला हाकारा

चंदरच्या जीपमध्ये मी कधी पुढं बसत नाय. पुढं बसलेल्याशी तो बोलत सुटतो, आणि बोलताना रस्त्याकडं बघत नाय. पण त्या दिवशी मागं बाया आणि वांग्याच्या टोपल्या खचाखच भरलेल्या, म्हणून बसली पुढं. धसई सुटायच्या आधीच मी त्याला सांगून टाकलं, "चंदर, तोंड बंद ठेव आणि गाडी चालव. माझं डोकं जाग्यावर नाय."

जाग्यावर राहील कसं? सख्खा भाऊ मेला असं मुरबाडच्या वकिलाला सांगायला चालली होती मी. तेही तो मेलाय की नाय हे ठाऊक नसताना.

रविंद्र माझा धाकटा. ९६ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो बोअरिंगच्या गाडीवर कामाला गेला, गुजरातकडं. दिवाळीला येतो बोलला होता. दिवाळीला गाडी आली, तो आला नाय. गाडीवाला बोलला, एका ढाब्यावर चहाला उतरला तो परत चढलाच नाय, दोन तास हाका मारल्या. आमी पोलिसात दिलं, फोटो वाटले, देवाला कौल लावला. देव बोलला येईल. पोलीस काय बोलले नाय.

आता सात वर्षं झाली. सात वर्षं माणसाची काय खबर नसली की कायदा त्याला मेला असं धरतो म्हणे. मग सातबाऱ्यावरचं त्याचं नाव काढून बायकोचं लागतं. माझी भावजय सारिका, तिनं वकील गाठला होता. वकील बोलला, बहिणीचा जबाब लागेल. म्हणून मी.

आता तुमीच सांगा, कुठल्या बाईला नवरा मेल्याचा कागद एवढ्या घाईनं पाहिजे असतो? मला तिचा संशय आजचा नाय. रविंद्र गेला तेव्हा ही रडली नाय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बोलायची कमी, जे बोलायची ते घोगरं, मान खाली घालून. मन साफ असलेली बाई अशी बोलते? वरच्या डोंगरातली माझ्या माहेरची वाडी धसईपासून दोन तासांवर, पण बातमी बाजाराला येतेच. मी धसईलाच दिलेली, इथल्या मंगळवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. तिथं एक टोकावड्याचा म्हातारा मला बोलला, "हिराबाय, तुज्या भावजयीच्या शेतात रातचा बाप्याचा आवाज येतो हां." मी विचारलं कसला आवाज, तर हसला नुसता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी शेजारच्या चार बायांना सांगितलं, आणि त्यांनी किती जणींना सांगितलं ते देवाला ठाऊक.

त्यात आता मुंबईवाले फार्महाऊसला जमिनी शोधत फिरतात. मी म्हटलं, बरोबर! नाव लावायचं, जमीन विकायची आणि त्या बाप्याबरोबर पसार व्हायचं. पण जबाब द्यायला मी निघालीच होती, कारण घरून आमचे हे रोज मागं लागले होते, "तिला एक पोरगी हाय, जाऊन सही करून ये, पाप नको."

चंदरनं तोंड बंद ठेवलं, पण टेप लावला.

आधी नुसती खरखर. लांबून एक कुत्रं भुंकलं. आणि मग कोणीतरी हाकारा घातला. दोनदा वर चढणारा, तिसऱ्यांदा लांब ताणलेला, आणि शेवटाला घशातच तोडलेला, हूऽऽय, हूऽऽय, हाल्याऽऽ होऽऽ हक्!

मी चंदरचा हात धरला. "थांबव! गाडी थांबव मेल्या!"

तो घाबरला, गाडी थेट गटाराला लागली. मागच्या बाया ओरडायला लागल्या. टेपमध्ये हाकारा पुन्हा आला, आणि त्याच्या मागून ढोलताशे आणि गिटारी असा काय गोंगाट सुरू झाला की कानाचे पडदे फाटतील. मी त्याला बोलली मागं घे. परत लाव. त्यानं परत लावलं. चारदा लावलं. चौथ्यांदा मी पदर तोंडात धरून रडत होती.

तुमाला कळायचं नाय, म्हणून सांगते. आमच्या वाडीत डोंगरउतारावर नाचणी-वरई होते, आणि पीक उभं असलं की डुकरं येतात. मग शेतात लाकडांचा उंच माळा बांधून राखण करायची आणि रात्रभर हाकारे घालायचे. पण ज्याचा त्याचा हाकारा वेगळा. घराघराचा ठरलेला. एका माळ्यावरून हाकारा गेला की समोरच्या माळ्यानं आपला द्यायचा, म्हणजे कळतं की माणूस जागा आहे. नाय आला तर माणूस बघायला जातो, पान लागलं, म्हणजे साप चावला, की काय झालं. हा हाकारा बाप मुलाला देतो, त्याला मिसरूड फुटलं की. पोरीला देत नाय. पोरगी तो दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईल ना! मी दहा वर्षांची असताना गोठ्यामागं जाऊन एकदा घालून बघितला होता. बाबानं अशी कानाखाली काढली की दोन दिवस ऐकायला नीट येत नव्हतं. परत कधी मी तोंड उघडलं नाय.

तो शेवटचा तोडलेला हक् आमच्या घराचा. जगात दोनच माणसांच्या गळ्यात होता. बाबा ९१ला गेला. राहिला रविंद्र.

कॅसेटीच्या कव्हरावर उलटा टांगलेला कंदील होता. चंदरनं वाचून दाखवलं. बँडचं नावच उलटा कंदील. रॉक बँड म्हणे. कंदील उलटा धरला तर रॉकेल सांडेल, एवढी पण अक्कल नाय. त्यांचा हा पहिलाच अल्बम, आणि त्यातलं हे पहिलं गाणं, 'जागा कोण'. गोरखगडाला जाणारी पोरं ती कॅसेट गाडीत विसरून गेली होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं : सुरुवातीचा आवाज, रानातला अनोळखी शेतकरी. आणि पत्ता शहापूरचा.

"अनोळखी!" मी बोलली. "माझा भाऊ हाय तो."

मुरबाडला सारिका कोर्टाबाहेर चिंचेखाली वकिलाच्या टेबलाजवळ उभी होती. धुवट पातळ नेसून, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मी लांबूनच सुनावलं, "मी काय सही करणार नाय. रविंद्र जिता हाय. आज मी त्याचा आवाज ऐकला."

तिचं तोंड पांढरं पडलं. झाडाला हात लावून ती खालीच बसली.

"कुठं?" एवढंच बोलली. घोगरं, नेहमीसारखं.

"ते तुला कशाला सांगू? तुला तर तो मेलेला पाहिजे!"

"ताय, कुठं ऐकलास, सांग ना." तिनं माझा पदर धरला. मी पदर सोडवून घेतला आणि निघाली. नवरा जिता आहे ऐकून बाई हसेल, देवाला हात जोडेल. ही मातीत बसली होती. मी म्हटलं, पकडली गेली.

दुसऱ्या दिवशी सरळगाव-किन्हवलीवरून एसटीनं शहापूर गाठलं. पत्ता निघाला भाताच्या गिरणीचा. गल्ल्यावर एक कोंड्यानं माखलेला माणूस. मी विचारलं, उलटा कंदीलवाले कुठं असतात? त्यानं कपाळावर हात मारला. "आत आहेत, कोंड्याच्या गोदामात. तुमी काय तक्रार घेऊन आलात का? सगळी आळी करून गेली, तुमचीच राहिली होती."

आत पोत्यांच्या मधे ढोलांचा पसारा, वायरी, आणि एक केस वाढवलेला पोरगा. तोच शेखर, गिरणीवाल्याचा मुलगा. मी कॅसेट त्याच्यासमोर धरली आणि बोलली, "ह्यातला पहिला आवाज माझ्या भावाचा हाय. कुठून आणलास?"

माझा अंदाज होता, पोरगा उडवून लावेल. तो उठून उभा राहिला. "तुमचा भाऊ? अहो मावशी, आमी चार वर्षं शोधतोय त्यांना! ते आहेत कुठं?"

"ते मीच तुला विचारते!"

मग त्यानं सांगितलं. ९९ साली, दिवाळीच्या सुट्टीत, हे चौघं आमच्याच डोंगराच्या पायथ्याला तंबू ठोकून राहिले होते. पहाटेला ह्याला जाग आली तर डोंगरातून हाकारे चाललेले, एक इकडून, एक तिकडून. ह्याच्याकडं छोटा टेप होता, त्यावर भरून घेतलं. गाणं त्या एका हाकेभोवती बांधलं, चार वर्षं लागली. ती हाक काढली तर त्या गाण्यात काय उरत नाय, असं तोच बोलला.

९९! माझ्या डोक्यात घण पडला. रविंद्र गेला ९६ला. म्हणजे गेल्यावर तीन वर्षांनी तो आपल्याच शेतात, आपल्याच माळ्यावर बसून हाकारे घालत होता?

"तू वर जाऊन बघितलं नायस?"

"गेलो ना सकाळी. त्या शेतात एक बाई नाचणी कापत होती, जवळ लहान मुलगी. मी विचारलं, पहाटे कोण ओरडत होतं? ती बोलली, मालक. मी बोललो भेटायचंय. तर बोलली, रातभर जागलेत, आता निजलेत. उठवू नका. नंतर दोनदा गेलो, तर दोन्ही वेळा हेच."

निजलेत! माझ्या अंगाचा भडका झाला. आमी इकडं फोटो वाटतोय, मी सोमवार धरलेत, पायात चप्पल घालत नाय त्याच्यासाठी, आणि हिनं त्याला घरात निजवून ठेवलाय! का? गुजरातेत काय लफडं करून आला असेल, पोलीस मागं असतील, म्हणून लपवला. नायतर हिनंच काय पाजून त्याला खुळा करून ठेवलाय. म्हणून ती कमी बोलते. म्हणून मला घरी जेव बोलत नाय, रात्री राहा बोलत नाय. सगळ्याचा मेळ बसला. इतकी वर्षं मला नुसता संशय होता, आता माझ्या हातात धरायला काहीतरी आलं होतं. खरं सांगते, त्या घडीला भाऊ जिता असल्याचा आनंद झाला की ही सापडल्याचा, ते माझं मलाच कळलं नाय.

"तो टेप घे आणि रविवारी चल माझ्याबरोबर," मी शेखरला बोलली. "तिच्या तोंडासमोर वाजवायचा."

रविवारी दुपारी आमी वाडीत पोचलो. सारिका खळ्यावर नाचणी झोडत होती. चार दिवसांत खंगलेली दिसली, डोळे सुजलेले. मी तिच्याशी बोलली नाय. सरळ घरात घुसली. दाराशी बाप्याच्या चपला. मी त्या उचलून शेखरला दाखवल्या. ओट्यावरच्या दोरीवर रविंद्रचा निळा सदरा, धुतलेला, ओला. सात वर्षं गेलेल्या माणसाचा सदरा ओला कसा? मी कणगीच्या मागं बघितलं, पोटमाळ्यावर चढली, चुलीमागची अडगळ उपसली. रविंद्र, रविंद्र करत गोठ्यात गेली. बैलानं माझ्याकडं बघितलं, बाकी कोण नव्हतं.

बाहेर आली तर सारिका तशीच उभी, हातात बडवणं. "काय शोधतेस ताय?"

"तुला ठाव हाय मी काय शोधते. लाव रे टेप!"

शेखरनं टेप खळ्यावर पोत्यावर ठेवला आणि बटण दाबलं. खरखर, कुत्रं, आणि हाकारा. मी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. पहिल्या हूऽऽयलाच तिचे खांदे पडले. हातातलं बडवणं तिनं खाली ठेवलं.

"बंद करा ते," ती बोलली.

"का? पटलं ना? बोल, कुठं ठेवलास माझ्या भावाला? ह्या पोराला काय सांगितलं होतंस, मालक निजलेत? उठव मग त्याला!"

तेवढ्यात घरामागून शेरडं घेऊन नम्रता आली, तिची पोरगी, दहा वर्षांची. टेपमध्ये दुसरा हाकारा चालू होता. पोरगी थांबली आणि हसली.

"आये, तुजा आवाज! टेपमंदी कसा गेला?"

"गप गो," मी बोलली. "तुज्या बाबाचा हाय तो."

"बाबाचाच. पण आय काढते तो." पोरीला त्यात काय विशेष वाटलंच नाय. ती शेरडं बांधायला गेली.

मी हसली. खोटं हसली. "पोरीला पण पढवून ठेवलंस? बाईच्या गळ्यातून हा हाकारा निघतो होय? मला शिकवतेस? त्या घरातली हाय मी!"

सारिकानं माझ्याकडं बघितलं. मग ती खळ्याच्या कडेला गेली, दरीकडं तोंड केलं, एक हात कानावर ठेवला आणि हाकारा घातला.

काय सांगू तुमाला. दोनदा चढला. तिसऱ्यांदा लांब गेला. आणि तुटला, तसाच, घशात, हक्. माझा बाबा त्यात होता, रविंद्र होता. खालच्या पट्ट्यातनं पोपटांचा थवा उठला. आणि समोरच्या उतारावरून, भर दुपारी, शेजारच्या म्हाताऱ्या नवशाबाबानं आपल्या घराचा हाकारा उलट दिला.

थोड्या वेळानं म्हातारा काठी टेकत, धापा टाकत खळ्यावर आला. मला बघितलंच नाय त्यानं. "काय झालं गो सारिके? दिवसा का हाकलास? पान लागलं का कुणाला?"

म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. रोज रात्री समोरून 'मी जागा आहे' असं सांगणारा कोण आहे, ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"नवशाबाबा, तुमाला माहीत होतं?" मी विचारलं.

तेव्हा कुठं त्यानं मला ओळखलं. "हिरा व्हय? मला काय, सगळ्या वाडीला ठाव हाय. वाडीबाहेर कुणाला नाय सांगायचं, असं ठरलंय आमचं."

"मी वाडीबाहेरची?"

म्हातारा काठीनं जमीन उकरत राहिला. "तू बाजारात बसतेस ना गो," एवढंच बोलला.

सारिका ओट्यावर बसली. शेखरनं तिला तांब्या दिला. दोन घोट पिऊन ती बोलायला लागली, आणि त्या घोगऱ्या गळ्याकडं मी पहिल्यांदा नीट कान दिला. असा घसा हाकारे घालून घालून होतो. बाबाचा पण शेवटी असाच झालेला. मला कळायला पाहिजे होतं.

"तो गेला त्याच दिवाळीत नाचणी उभी होती," ती बोलली. "मी डबा वाजवला, फटाके लावले. डुकरांना कुणाचा पन आवाज चालतो ताय. मानसांना नाय चालत. तिसऱ्या रातीला खालून कोळसेवाले दोगं वर आले. बोलले, एकटी हायस काय? पोरगी माज्या मांडीवर. मला काय सुचंना, मी हाकारा घातला. त्याचा. अंधारात तोंड कोणाला दिसतं? नवशाबाबानं समोरून लगेच दिला. ते दोगं पळाले. तवापासून घालते. चपला दाराशी ठेवते. सदरा दर रविवारी धुते आन वाळत घालते. कोन वाटंनं जानारा इचारतो, मालक कुठं? मी सांगते निजलेत."

"शिकवला कोणी तुला?"

"कोन शिकवनार? माळ्यावर त्याच्या बाजूला बसायची मी. ऐकून ऐकून आला."

मी पण बाबाच्या बाजूला बसायची. एक थप्पड खाल्ली आणि गप्प बसली, जन्मभर. आणि ही परक्या घरातून आलेली पोर माझ्या घराचा हाकारा सात वर्षं जागता ठेवून होती. मला लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मी बाजारात बोलली होती," मी सांगून टाकलं. "तुझ्या शेतात बाप्या येतो, असं."

"ठाव हाय मला."

"मग बोलली का नायस? भांडायला यायचं होतंस!"

"बरंच झालं ना," ती बोलली. "बाप्या हाय असंच तर लोकांना वाटायला पायजे होतं."

शेखर डोळे पुसत होता, टेप मांडीवर घेऊन. तो बोलला, "ताई, पुढच्या कॅसेटीवर तुमचं नाव टाकतो. अनोळखी शेतकरी काढून टाकतो."

"नको दादा," सारिकानं घाईनं हात जोडले. "आत्ता नको. खालचा पट्टा कापायचा हाय अजून. नाव लागलं की सगळ्यांना कळंल. आधी सातबाऱ्याला लागू दे."

मग ती माझ्याकडं वळली, आणि सात वर्षांत नाय रडली ती बाई रडायला लागली. आवाज नाय, नुसतं पाणी.

"तू त्या दिवशी बोललीस ना ताय, आवाज ऐकला म्हणून. चार राती मी निजली नाय. म्हटलं आला. कुठं तरी हाय, कुनीतरी ऐकला, आता येतोच. हाकारा पन नाय घातला मी ह्या चार राती. म्हटलं, आता त्याचा त्यो येऊन घालंल. आन तुमी टेप लावला. पहिल्या हाकेला कळलं मला, ही मीच." पदरानं तिनं नाक पुसलं. "मला वाटलं होतं तुमी त्यालाच घेऊन येताव."

मी तिला धरली. दुसरं काय करणार? दोघी बसून रडलो आणि नवशाबाबा पाठ फिरवून उभा राहिला. शेखरनं टेप पिशवीत घातला. चार दिवस रविंद्र जिता होता, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. त्या दुपारी तो परत गेला, आणि आता कुठं शोधायचं ते दोघींना पण ठाऊक नव्हतं.

रात्री मी तिथंच राहिली. सकाळी तिला घेऊन चंदरच्या जीपनं मुरबाडला उतरली. त्याला टेप लावू दिला नाय. वकिलाकडं गर्दी होती, बाकड्यावर तास-दीड तास बसलो. सारिका मधे मधे पिशवीतले कागद काढून बघायची आणि परत ठेवायची. तिला वाटत असणार, ही बया ऐनवेळी उलटेल. मी पण तिच्या जागी असती तर तसंच धरून चालली असती.

आमचा नंबर आला. वकिलानं चष्म्यावरून बघितलं. "मागच्या वेळी तुम्हीच ना? भाऊ जिवंत आहे बोलून निघून गेलात? आता काय ठरलं?"

"लिवून घ्या," मी बोलली.

त्यानं कागद ओढला. नाव विचारलं, वय विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. मग पेन थांबवून त्यानं तो प्रश्न विचारला. "तुमच्या भावाची शेवटची खबर तुम्हाला कधी मिळाली? नीट आठवून सांगा. शपथेवर आहे हे."

मला सगळं आठवत होतं. खांद्यावर पिशवी टाकून तो धसईला माझ्या दारात उभा राहिला होता. चहा नको बोलला, गाडी चुकेल. मी त्याला दोन भाकऱ्या बांधून दिल्या. हे तोंडातून काढलं की संपलं. मग तो कुठं जिता असला तरी माझ्यासाठी मेला, तेही माझ्याच तोंडानं. सारिका कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली होती.

"९६ साल," मी बोलली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सकाळी."

"त्यानंतर काहीच नाही? पत्र, निरोप, कोणी पाहिला? परवा तुम्ही आवाज ऐकला बोलत होतात."

"नाय. तो ह्या बाईचा होता."

वकिलानं सारिकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हणजे? हे पण लिहायचं का?"

"लिवा," मी बोलली. "सात वर्षं त्या शेतात हीच जागी होती."